वाडग्यातलं मन

सकाळी साडेसातला आमच्या जिन्यावर जी रांग लागायची, तशी रांग लाँड्रीच्या खिडकीशी जन्मात कधी लागली नाही. खालच्या पायरीपासून वरच्या दारापर्यंत माणसंच माणसं. बँकेतला कारकून, शिवणकामवाल्या बाई, रात्रपाळी करून आलेली नर्स, बस चालवणारा एक आडदांड गडी, आणि सगळ्यांच्या पुढे, नाक वर करून, माझी सख्खी थोरली बहीण. सगळे मन दाखवायला आलेले. हो हो, मनच. माणूस दात दाखवायला जातो, डोळे दाखवायला जातो, तसे हे मन दाखवायला यायचे.

वरच्या खोलीत एक तिपाई होती आणि तिपाईवर पितळेचं वाडगं. अर्ध्या कलिंगडाएवढं, घासून लख्ख, पाण्याने काठोकाठ भरलेलं. तुम्ही समोर मांडी घालून बसायचं आणि पाण्याकडे बघायचं. खिडक्या बंद, पंखा बंद, वाडग्याला कुणाचं बोट नाही. आणि बघता बघता पाणी थरथरायला लागायचं! आधी बारीक, दुधाच्या सायीवर सुरकुत्या पडाव्यात तसं. मग चांगल्या गोल गोल वळ्या.

"घाबरू नका," गुरुजी म्हणायचे. आवाज लोण्यात बुडवून काढलेला. "हे पाणी नाही. हे तुमचं मन आहे. बघा, किती खळबळलंय."

समोरचा माणूस पांढराफटक. मग गुरुजी त्याच्या कपाळावर तळवा ठेवायचे आणि म्हणायचे, "शांऽत." झालं! पाणी हळूहळू आरशासारखं. "आता एखादी काळजी मनात आणा." आणली की थोड्या वेळाने पाणी पुन्हा थरथर. "सोडा तिला." सोडली की गपगार.

तुम्हीच सांगा, हे डोळ्यांनी बघितल्यावर कोण विश्वास ठेवणार नाही?

मी नाही ठेवला. त्यात माझी हुशारी काही नाही, माझा स्वभावच खडूस. मी खाली लाँड्रीत ड्रम चालवतो. धुतलेले ओले कपडे गरगर फिरवून त्यातलं पाणी काढायचं, ते यंत्र म्हणजे ड्रम. तेरा वर्षं माझी त्याच्यावर ड्यूटी. बायको धुलाई बघते, ताई इस्त्री. शेजारच्या लॉजच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं आमच्याकडे. जुनी इमारत, वर लाकडी तक्तपोशी, तिच्याखाली लोखंडी तुळया. वरची खोली किती महिने रिकामी होती. मग हे गुरुजी आले. पांढरी विजार, पांढरा सदरा, आणि सदऱ्याला एक सुरकुती नाही. ती इस्त्री आमच्या ताईचीच, तेही फुकट.

ताईचं सांगतो, कारण सगळं तिच्यापायी झालं.

मागच्या वर्षी ताईला कसंतरी व्हायला लागलं. मध्येच छाती धडधडायची, हात गार पडायचे, "धाकट्या, मला काहीतरी होतंय रे" म्हणून मटकन खाली बसायची. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी प्रेशर मोजलं आणि भुवया वर केल्या. रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. "ही चुकवायची नाही," म्हणाल्या. "आणि दुसरं औषध फुकटचं आहे. रोज दहा मिनिटं एका जागी डोळे मिटून बसायचं. श्वास येतो-जातो तेवढा बघायचा. मन पळेल. पळालं की परत आणायचं. पुन्हा पळेल, पुन्हा आणायचं."

"म्हणजे शांत कधी होणार?" ताईने विचारलं.

"ते आज होणार नाही. महिना-दोन महिने रोज केलंत तर हळूहळू फरक पडेल."

"रोज?"

"दात रोज घासता ना?"

ताई तीन आठवडे बसली. इस्त्रीच्या टेबलामागे स्टुलावर. मी बघायचो, एक डोळा मिटलेला, दुसरा गुपचूप घड्याळाकडे. मग म्हणाली, "माझ्याच्याने नाही होत. डोळे मिटले की चादरी दिसतात. या बाईला काय जातंय सांगायला!" आणि तेवढ्यात वर वाडगं आलं. दोन महिने नाही, दोन मिनिटं! कपाळावर हात, की मन आरसा. कोण सोडेल?

रोज सकाळी वर जाऊन यायची आणि टवटवीत होऊन खाली उतरायची. खोटं कशाला बोलू, तिचा चेहरा खरंच निवलेला दिसायचा. मी म्हटलं, जाऊ दे, बाईमाणसाला जरा विरंगुळा. इथे चुकलं माझं.

एके दिवशी गुरुजींनी तिला सांगितलं, "ताई, वाडग्याने तुम्हाला पास केलंय. आता गोळी कशाला? गोळी म्हणजे मनावरचं झाकण. आत सातवा तरंग कोंडून राहतो."

हे तरंगांचं प्रकरण त्यांनी सगळ्यांना पाठ करून दिलं होतं. पहिला तरंग काळजीचा, दुसरा मत्सराचा, तिसरा मागच्या पिढीचा, आणि असं करत सातव्याला गेलं की माणूस सगळ्या रोगांतून सुटला. बसवाला एकदा मला म्हणाला, "माझा चौथा अडकलाय." मी म्हटलं, "गिअर का?" तर तो आठ दिवस बोलला नाही माझ्याशी.

ताईने गोळ्या बंद केल्या. आम्हाला पत्ता नाही. पंधरा-वीस दिवसांनी इस्त्री करता करता तिला भोवळ आली, आणि गरम इस्त्री डाव्या मनगटावर. चर्रकन आवाज झाला तो मी ड्रमच्या घरघरीतही ऐकला. डॉक्टरीणबाईंनी पट्टी केली, प्रेशर मोजलं, आणि या वेळी भुवया वर गेल्या त्या खाली येईनात.

"गोळी घेताय ना?"

ताई छताकडे बघायला लागली.

घरी येऊन आमची जुंपली. मी म्हटलं, "त्या वाडग्यापायी मरशील एक दिवस!"

"वाडग्याला काही बोलू नकोस. चटका बसला तो सातवा तरंग बाहेर पडला म्हणून. गुरुजींनी सांगितलंय."

"चटका इस्त्रीने बसला! अगं, आणि ते पाणी माझ्या ड्रमने हलत असेल. वरच्या तुळईतून हादरा जातो."

ताई खो खो हसली. "शहाणाच आहेस. अरे, पाणी शांत होतं तेव्हासुद्धा तुझा ड्रम चालूच असतो! घरघर ऐकू येते की वर. ड्रमने हलत असतं तर हलतच राहिलं नसतं का?"

बायको म्हणाली, "अहो, बोलण्यात पॉइंट आहे हं ताईंच्या." पॉइंट होताच. मी दोन दिवस डोकं खाजवत राहिलो.

तिसऱ्या दिवशी माझ्याच चहाने मला उत्तर दिलं. पेला ठेवला होता साबणाच्या डब्यावर. मी ओल्या चादरी भरल्या, बटण दाबलं. आता आमच्या ड्रमची एक खोड आहे. वेग घेताना मध्ये एका टप्प्याला तो नाचतो. ढबाढबा ढबाढबा, नवरदेवाच्या मित्रासारखा. तेवढा टप्पा गेला आणि पुरा वेग पकडला, की सरळ. आवाज वाढतो, पण अंग हलत नाही. बंद केला की उतरत्या वेगात त्याच टप्प्याला पुन्हा एकदा नाचतो, मग थांबतो. तेरा वर्षं मी हे पायाने ओळखत आलोय. आणि त्या दिवशी चहा बघितला. ड्रम नाचला, चहावर गोल वळ्या. ड्रम सुसाट सुटला, चहा आरसा. ड्रम ओरडतोय, आणि चहा आरसा! बटण बंद केलं. वेग उतरला. पुन्हा वळ्या. पुन्हा आरसा.

म्हणजे ताई बोलली ते खरं, आणि मी बोललो तेही खरं. गुरुजी फक्त कान लावून बसायचा. घरघरीचा सूर चढायला लागला की "बघा तुमचं मन", सूर टिपेला पोचला की तळवा कपाळावर. बटण बंद झाल्याचा सूर आला की "आता काळजी आणा". बाबा होण्याआधी महिनाभर त्या रिकाम्या खोलीत नुसता ऐकत बसला असणार. अभ्यास माझ्यापेक्षा पक्का!

आणि एक कबूल करतो. ड्रमच्या पायाखाली रबराचे जाड तुकडे असतात, हादरे खाली-वर जाऊ नयेत म्हणून. ते झिजून गेले होते. वर्षभर बायको सांगत होती, बदला. मी म्हणायचो, बघू. जुन्या टॉवेलच्या घड्या घालून भागवत होतो. म्हणजे त्या चमत्कारात निम्मा भागीदार मीच.

धावत डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगलं पाहिलंत. पण अजून सिद्ध काही झालं नाही."

"आता काय राहिलं?"

"तुम्हाला वाटतंय तेच दिसलं असेल. तेही वाटतंय तेच बघतात. एक करा. फक्त एक गोष्ट बदला, बाकी सगळं होतं तसंच ठेवा. आणि काय होतं ते बघा."

सोपं होतं. दुसऱ्या दिवशी बायकोला मन दाखवायला वर पाठवलं आणि मी खाली ड्रम भरून नुसता हाताची घडी घालून उभा राहिलो. बटणच दाबलं नाही. पंचवीस मिनिटांनी दाबलं. बायको खाली आली ती पोट धरूनच.

"अहो, काय सांगू! आधी म्हणाले, तरंग येतायत. नाही आले. मग मला पाणी प्यायला दिलं. मग जंगलातल्या एका हरणाची गोष्ट सांगितली. मग खोकले. मग त्याच हरणाची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी हरणाला दोन पिल्लं! सारखे जमिनीकडे बघत होते. आणि घरघर सुरू झाली मात्र, असे उडाले जागेवर, 'आले, आले!' मला वाटलं पाहुणेच आले."

मग आमच्या डोक्यात एकेक दिवे लागायला लागले. गुरुजी सकाळी आठ ते अकराच का बसतात? दुपारी तरंग झोपतात म्हणे. आमचा ड्रम दुपारी बंद असतो, तेव्हा सगळी इस्त्री. आठवड्यातून एक दिवस गुरुजींचं मौन का? आधी सोमवारी असायचं, कारण सोमवारी लाँड्री बंद. लॉजवाल्याने हट्ट केला म्हणून आम्ही सुट्टी गुरुवारी केली. पुढच्याच आठवड्यात वर पाटी लागली, "मौनाचा वार गुरुवार." विश्वाच्या तरंगांनी लॉजवाल्याला विचारून सुट्टी बदलली!

ताईला हे सगळं सांगितलं. ती ऐकेल तर शपथ.

"तुला माझं सुख बघवत नाही. गुरुवारी ये वर. गुरुजी मौन सोडून सगळ्यांसमोर स्वतः वाडग्यापुढे बसणार आहेत. तासभर! थेंब हलणार नाही. मग बोल."

"गुरुवारी?" मी म्हटलं. "आमच्या सुट्टीच्या दिवशी?"

"आणि ऐकून ठेव. त्या दिवशी आम्ही दहाजण गोळ्या कायमच्या सोडणार आहोत. तिथेच, सगळ्यांच्या देखत, टोपलीत टाकणार. बसवाला त्याच्या साखरेच्या टाकणार आहे."

बसवाल्याची साखर मला माहीत होती. आणि त्याच्या बसमध्ये पन्नास माणसं बसतात, हेही माहीत होतं.

डॉक्टरीणबाईंना बोलावणं केलं. बायकोला सगळं समजावलं. खिडकीतून मी कपड्यांचा चिमटा खाली टाकला की बटण दाबायचं, दुसरा टाकला की बंद. ड्रममध्ये काय घालायचं हे तिला सांगावं लागलं नाही. लाँड्रीतल्या कुठल्याही माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात, ड्रम भरताना ओझं चहूबाजूंनी सारखं पसरा. तिने एकच जाड ब्लँकेट भिजवलं आणि घडी करून सगळं एका अंगाला बसवलं.

"नाचेल का?" मी विचारलं.

"नाचेल?" ती म्हणाली. "धिंगाणा घालेल! त्या टप्प्यापुढे वेगच घेणार नाही, बंद करेपर्यंत नाचत राहील."

गुरुवारी खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पन्नास-साठ माणसं भिंतीला चिकटून. एक खिडकी गर्दीपायी उघडावी लागली होती, मी तिच्याशी जाऊन उभा राहिलो, खिशात दोन चिमटे. डॉक्टरीणबाई मागच्या बाजूला, आपण कुणीच नसल्यासारख्या. मध्ये वाडगं. वाडग्यापुढे गुरुजी, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर बर्फीसारखं हसू. शेजारी वेताची टोपली.

वीस मिनिटं झाली. पाण्यावर रेघ उमटेना. नर्स कुजबुजली, "माणूस आहे का कोण आहे!" कारकुनाने हातच जोडले. गुरुजींनी डोळे न उघडता बोट टोपलीकडे केलं.

पहिली माझी ताईच उठली. डाव्या मनगटावर पट्टी, उजव्या हातात गोळ्यांचं पाकीट.

मी चिमटा सोडला.

एक, दोन, तीन... काही नाही. ताई दोन पावलं पुढे. सात, आठ... माझ्या कपाळावर घाम. बायको बटण दाबायची विसरली की काय? ताईचा हात टोपलीवर.

आणि पायाखालची फळी गुदगुल्या केल्यासारखी हलली. वाडग्यात बारीक सुरकुती. मग वळी. मग वळ्यांवर वळ्या. मग वाडगं तिपाईवर टण टण टण वाजायला लागलं आणि पाणी उडून थेट गुरुजींच्या इस्त्रीच्या विजारीवर!

"अगं बाई!" शिवणवाल्या बाई ओरडल्या.

गुरुजींनी डोळे उघडले. बर्फी विरघळली. पण गडी तयारीचा. "या खोलीत कुणीतरी अविश्वासू आहे! त्याचं मन वाडग्यात शिरलंय!"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. बसवाला बाह्या सरसावायला लागला.

"आहे की," मी म्हटलं. "मीच तो. पण गुरुजी, वाडगं समोर बसणाऱ्याचं मन दाखवतं, असं तुम्हीच सांगता. समोर तर तुम्ही बसलायत."

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"तरंग पसरतात," गुरुजी म्हणाले.

"पसरू देत. मी आवरतो." हात खिडकीबाहेर नेऊन मी दुसरा चिमटा सोडला, पुढे झालो, आणि गुरुजींच्याच कपाळावर तळवा ठेवला. त्यांच्याच लोण्याच्या आवाजात म्हटलं, "शांऽत." वाडगं टण टण, टण... टण. पाणी निवलं. आरसा.

खोलीत हशा असा फुटला, की नर्सला ठसका लागला. पण ताई हसली नाही. पाकीट हातात घट्ट धरून ती एकदा वाडग्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

"योगायोग," गुरुजी म्हणाले. "हा माणूस काहीतरी चेटूक करतोय."

"योगायोग आहे की चेटूक आहे की अजून काही, ते तपासता येईल," मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाली ड्रम आहे. तो सुरू केला की पाणी हलतं, असं यांचं म्हणणं. कुणीतरी जाऊन करून बघा. यांच्या घरातलं नको, म्हणजे शंका नको."

"घरातलीच जाणार," ताई म्हणाली. "मी जाते. माझा दोघांवरही विश्वास नाही आता." मग कारकुनाकडे वळली. "साहेब, तुमच्याकडे घड्याळ आहे. पाणी हलायला लागलं की वेळ लिहा. मी खाली काय करणार, किती वेळा करणार, कधी करणार, कुणालाच सांगणार नाही. दोन्ही घड्याळं आत्ता जुळवू, माझी वेळ मी बाईंच्या घड्याळावर खाली लिहीन. मग दोन्ही कागद शेजारी ठेवू. आणि धाकट्या, तू त्या खिडकीपासून लांब हो!"

चौथी शिकलेली माझी बहीण! डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

ती खाली गेली. आम्ही साठ माणसं श्वास रोखून एका वाडग्याकडे बघत बसलो. पाच मिनिटं काही नाही. गुरुजींना जरा धीर आला, म्हणाले, "बघा, ही शुद्ध मनाची..." आणि पाणी हललं. कारकुनाने लिहिलं. थांबलं. लगेच दोन मिनिटांत पुन्हा. कारकुनाने लिहिलं. मग जवळजवळ दहा मिनिटं शांतता. बसवाला जांभई द्यायला लागला आणि जांभईच्या मध्येच टण टण टण. कारकुनाने लिहिलं.

ताई वर आली. धापा टाकत. कपड्यांना लावायच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने तीन वेळा लिहिलेल्या. कारकुनाच्या कागदावर तीन वेळा. शेजारी ठेवले. दर वेळी ताईच्या वेळेनंतर काही सेकंदांनी कारकुनाची वेळ. एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

मग मी सगळं फोडून सांगितलं. ड्रमचा नाच, सुराचा चढउतार, तुळई, सुट्टीचा वार. झिजलेले रबरही सांगितले, मान खाली घालून. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे माझा तिसरा तरंग, माझ्या सासूबाईंचा, तो लॉजच्या चादरींचा होता?"

"उशांच्या अभ्र्यांचाही असेल," मी म्हटलं.

गुरुजी उठले. विजार ओली, तरी आवाज तोच. "असेल ड्रम. पण लोकांना शांत वाटलं ना? मग मी कुणाचं काय वाईट केलं?"

ताई पुढे झाली. मनगटाची पट्टी सोडली आणि हात त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. इस्त्रीच्या टोकाचा तिकोनी डाग, लालभडक. "मी या हातांनी तुमची विजार इस्त्री करायची," एवढंच म्हणाली.

गुरुजी त्या आठवड्यात खोली सोडून गेले. गोळ्या बंद करायला लावल्या म्हणून डॉक्टरीणबाईंनी रीतसर तक्रार दिली, त्यावर सह्या करायला जिन्यावर पुन्हा तशीच रांग लागली. या वेळी सगळ्यांत पुढे बसवाला.

पण त्या दिवशी खोली रिकामी झाल्यावर ताई तिथेच बसून राहिली. मला वाटलं, आता पेटणार, माझ्यावर. रबराबद्दल. तर डोळे भरलेले.

"बाई," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "पाणी ड्रमचं होतं, कळलं. पण मला शांत वाटायचं ते? ते पण खोटंच होतं का? मी येडी आहे का?"

डॉक्टरीणबाई तिच्याशेजारी फळीवर बसल्या. "तुम्ही इथे काय करायचात?"

"काही नाही. बसायचे. पाण्याकडे बघायचे. श्वास आपोआप हळू व्हायचा."

"किती वेळ?"

"दहा-पंधरा मिनिटं."

"रोज?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग मी दुसरं काय सांगितलं होतं तुम्हाला? एका जागी बसा, एका गोष्टीकडे बघा, रोज बसा. तुम्ही तेच केलंत. वाटलं ते खरंच होतं आणि ते तुमचं होतं. नाव फक्त त्याने आपलं लावलं."

ताई वाडग्याजवळ सरकली. मग पदराने नाक पुसलं आणि पाकिटातली एक गोळी काढून तिथल्या तिथे गिळली, वाडग्यातल्याच पाण्याबरोबर.

आता मला जे सांगायचंय ते सांगतो. मी काही शिकलेला माणूस नाही, ड्रमवाला आहे. पण कुणी म्हणालं, मी तुझं मन दोन मिनिटांत शांत करून देतो, तर त्याला हात जोडा आणि वाटेला लावा. दुसऱ्याने जेवून आपलं पोट भरत नाही, आणि दुसऱ्याने हात ठेवून आपलं मन निवत नाही. रोज बसावं लागतं. कंटाळा येतो. चादरी दिसतात. तरी बसावं लागतं. आणि बसणं हे बसणं आहे, गोळी ही गोळी आहे. एकीच्या भरवशावर दुसरी सोडायची नाही, सोडायची तर डॉक्टरला विचारून. चमत्कार दिसला तर डोळे फाडून बघा, पण टाळी वाजवायच्या आधी एक गोष्ट बदला, बाकी तशीच ठेवा, आणि पुन्हा बघा. खरं असेल तर ते पुन्हाही खरंच राहील. त्याला हरणाची गोष्ट सांगावी लागणार नाही.

हे सगळं मी परवा सकाळी ताईला मोठ्या आवाजात ऐकवत होतो. सहा महिने झालेत, प्रेशर जागेवर आहे, छातीची धडधड क्वचित. ती इस्त्रीच्या टेबलामागे स्टुलावर बसली होती, दोन्ही डोळे मिटून.

"झालं तुझं भाषण?" ती डोळे न उघडता म्हणाली. "तिसऱ्यांदा मन पळवलंस माझं. आता सरक तिकडे. त्याला परत आणू दे मला."